दुखऱ्या अंगाची आंघोळ

सकाळी नळाला पाणी आले की वस्तीत एकच धावपळ सुरू होते. हंडे, कळशा, बादल्या भरायच्या, पोरांना शाळेसाठी तयार करायचे, कामावर जाणाऱ्यांच्या आंघोळी उरकायच्या. या गडबडीत घरातले एक माणूस मात्र भिंतीला टेकून बसलेले असते. कुणाची आई, कुणाची आत्या, कुणाचे वडील, तर कधी पंचविशीतली सून. बोटे आखडलेली, गुडघे वाकत नाहीत, रात्रभर पडून राहूनही अंगात त्राण नाही. दुपारी कुणीतरी विचारते, "अजून आंघोळ नाही झाली?" आणि ते माणूस मान खाली घालते.

ती मान वर यावी, यासाठी हा लेख आहे.

आपल्या समाजात स्वच्छतेचा विषय साधा नाही. ज्यांना पाणवठ्याला हात लावू दिला नाही, त्यांनाच वर घाणेरडे म्हणून हिणवले गेले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते काही तहान भागवण्यासाठी नव्हे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी स्वच्छ आणि नीटनेटके राहायला सांगितले. आपल्या आज्या-पणज्यांनी ते मनावर घेतले. घर पत्र्याचे असले तरी भांडी लखलखीत, अंगावरचे लुगडे जुने असले तरी धुतलेले. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे स्वाभिमान.

म्हणूनच आजारी माणसाला हा विषय फार लागतो. रोजची आंघोळ झेपली नाही की त्याला वाटते, आपण घरावर डाग लावतो आहोत. पाहुणे आले की ते आत जाऊन बसते, लग्नाला जायचे टाळते. आंघोळ झाली नाही म्हणून वंदनेला विहारातही जात नाही. खरे तर त्रिशरण-पंचशील घ्यायला आंघोळीची अट कुठेच नाही.

स्वाभिमान सोडायचा नाही. शरीर बदलले आहे, म्हणून स्वच्छ राहण्याची पद्धत तेवढी बदलायची.

हा आळस नव्हे

संधिवात, झिजलेले गुडघे, जुनी कंबरदुखी, चिकनगुनियानंतर महिनोन् महिने राहिलेली सांधेदुखी, सिकलसेल, मधुमेहामुळे पायांच्या नसांची होणारी आग, अंगभर दुखणारा फायब्रोमायल्जिया, रक्त कमी असल्याने येणारा थकवा, क्षयरोगाच्या उपचारातली अशक्तता. या सगळ्या आजारांत आंघोळ हे दिवसातले सर्वांत जड काम ठरू शकते.

का ते पाहा. पाणी उचलून आणायचे, तापवायचे, मोरीत उतरवायचे. वाकून तांब्या भरायचा, हात खांद्याच्या वर न्यायचा. पाठ घासायची, पाय घासायला खाली वाकायचे. ओल्या फरशीवर तोल सांभाळायचा. अंग पुसायचे, कपडे घालायचे, ओले कपडे पिळायचे. निरोगी माणूस हे दहा मिनिटांत करतो आणि विसरतो. दुखऱ्या माणसाला यातली प्रत्येक पायरी मोजावी लागते. शिवाय गरम पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब थोडा खाली येतो आणि अशक्त माणसाला उठताना चक्कर येते. आंघोळीनंतर तासभर पडून राहावे लागणे हे ढोंग नाही.

रोज काय हवेच?

सगळे अंग रोज धुतलेच पाहिजे असे आरोग्यशास्त्र सांगत नाही. घाम साचणारे आणि मळणारे भाग रोज स्वच्छ झाले, तर बाकीच्या अंगाला एक-दोन दिवस पाणी लागले नाही तरी आजार होत नाही. रोज हवे ते एवढेच:

१. संडासानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे. यात कधीही सूट नाही.
२. तोंड, डोळे, दात.
३. काखा, स्तनांखालची जागा, पोटाची घडी, जांघा.
४. लघवी आणि शौचाची जागा.
५. पायांच्या बोटांमधली जागा.
६. आतले कपडे बदलणे.

हे झाले की तुम्ही स्वच्छ आहात. पूर्ण आंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा करा. उन्हाळ्यात घाम जास्त येतो तेव्हा जमल्यास वाढवा, दुखणे वाढलेल्या दिवशी कमी करा.

ओल्या फडक्याची आंघोळ

पूर्ण आंघोळीच्या मधल्या दिवसांत असे करा. खाटेवर किंवा खुर्चीवर बसा. जवळ एका पातेल्यात कोमट पाणी, दोन मऊ सुती फडकी आणि एक कोरडा पंचा ठेवा. जुन्या साडीचे किंवा धोतराचे फडके उत्तम. ते हलके असते आणि पिळायला जोर लागत नाही. बोटांनी पिळता येत नसेल तर फडके नळाच्या तोटीला किंवा खुर्चीच्या दांडीला अडकवा आणि दोन्ही टोके धरून पीळ द्या.

पुसताना क्रम पाळा. आधी चेहरा आणि मान, मग हात आणि काखा, छाती, पोट, त्यानंतर पाय. शेवटी दुसऱ्या फडक्याने जांघा आणि लघवी-शौचाची जागा. बायकांनी ही जागा नेहमी पुढून मागे पुसावी, म्हणजे शौचाकडचे जंतू लघवीच्या वाटेकडे जात नाहीत. आत साबण लावू नये. एका वेळी अंगाचा एकच भाग उघडा ठेवा, बाकी पांघरलेले असू द्या. थंडी वाजत नाही आणि एका खोलीच्या घरात आडोसाही राहतो.

पुसण्याइतकेच कोरडे करणे महत्त्वाचे. घडीत ओल राहिली की गजकर्ण, नायटा धरतो. तो झालाच तर दुकानातून कुठलेही मलम आणून लावू नका. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. खाज दोन दिवस थांबते आणि नायटा पुढे अंगभर पसरतो. पाण्यात जंतुनाशक औषध टाकण्याचीही गरज नाही. त्याने कातडी कोरडी पडते.

मोरीत बसायची सोय

उभ्याने किंवा उकिडवे बसून आंघोळ करणे सोडा. पाटही फार बुटका असतो. त्यावरून उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. पाय जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेच्या वर येणार नाहीत, इतक्या उंचीची मजबूत प्लास्टिकची खुर्ची किंवा स्टूल घ्या. ते भिंतीला टेकवून ठेवा. तडा गेलेले स्टूल अजिबात वापरू नका.

बादली खाली ठेवू नका. दुसऱ्या स्टुलावर किंवा दोन विटा रचून त्यावर ठेवा, म्हणजे वाकावे लागत नाही. बादली अर्धीच भरा. जड तांब्याऐवजी दांडीचा लहान मग वापरा. हातातून साबण निसटत असेल तर तो जुन्या मोज्यात घाला, गाठ मारा आणि मोज्यानेच अंग चोळा. पाठीसाठी लांब पंचा दोन्ही टोकांना धरून तिरका फिरवा.

मोरीतली फरशी आठवड्यातून एकदा घरातल्या धडधाकट माणसाने ब्रशने घासावी. साबणाचा चिकट थर हेच पडण्याचे मोठे कारण असते. जमल्यास रबरी चटई टाका. टॉवेल टांगायच्या खिळ्याला किंवा नळाला धरून उठू नका. ते उपटून येतात. भिंतीत लोखंडी कडी पक्की बसवून घेतली तर एकदाच्या खर्चात कायमचा आधार होतो. आतून कडी लावू नका. पडदा ओढा आणि घरात कुणालातरी सांगून बसा.

पाणी तापवायचा विजेचा रॉड वापरत असाल तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका, बादली हलवू नका. गॅसचा गीझर किंवा शेगडी बंद मोरीत कधीही नको. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो.

वेळ आपली, ताकद मोजून

संधिवाताचे सांधे सकाळी सर्वांत जास्त आखडलेले असतात. मग आंघोळ सकाळीच का? नळाचे पाणी सकाळी येते, ते भरून ठेवता येते. दुपारी अंग मोकळे झाल्यावर किंवा संध्याकाळी आंघोळ केली तरी ती आंघोळच. संध्याकाळी कोमट पाण्याने अंग सैलावते आणि काहींना झोपही बरी लागते.

"आंघोळीआधी खायचे नाही" ही रीत आजारी माणसाला लावू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी आंघोळीला बसणे धोक्याचे आहे. साखर एकदम कमी होऊन तो मोरीतच कोसळू शकतो.

अंगातली ताकद ही महिनाअखेरच्या पैशासारखी वापरा. एकाच दिवशी आंघोळ, डोके धुणे आणि कपडे धुणे असा सगळा खर्च करू नका. आंघोळ एका दिवशी, केस दुसऱ्या दिवशी, धुणे घरातल्या इतरांकडे. कपडे, पंचा, साबण आधीच हाताशी काढून ठेवा. आंघोळ झाल्यावर सैल सुती गाऊन किंवा लुंगी गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे पडा. अंग आपोआप सुकते. एखाद्या दिवशी बरे वाटले म्हणून घरभर साफसफाई काढू नका. त्याची भरपाई पुढचे तीन दिवस करावी लागते.

केस, दात, पाळी

डोके धुताना हात वर धरून ठेवावे लागतात, म्हणून तेच सर्वांत दमवते. आठवड्यातून एकदा पुरे. बसून, कोपरे टेबलावर किंवा मांडीवरच्या उशीवर टेकवून धुवा, नाहीतर लेकीला, सुनेला, मुलाला धुवायला सांगा. लांब केस झेपत नसतील तर कापून लहान करण्यात काही गैर नाही. लोक काय म्हणतील ते म्हणू द्या. मान आपली आहे, दुखते ती आपली.

दात घासताना ब्रशच्या दांडीला कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करा; आखडलेल्या बोटांना धरता येते. मोरीपर्यंत जाववत नसेल तर खाटेवर बसूनच मग आणि टोपले घेऊन दात घासा. दुखण्यावर उतारा म्हणून मिश्री लावायची सवय अनेक बायांना आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दुखणे जात नाही, तोंडाचा कर्करोग मात्र होऊ शकतो.

पाळीच्या दिवसांत दुखणे आणि थकवा वाढतो. पॅड चार ते सहा तासांनी बदला. कापड वापरत असाल तर ते साबणाने धुऊन उन्हात वाळवा, लपवून ओलसर जागी ठेवू नका. वाकून धुणे होत नसेल तर त्या दिवसांपुरते पॅड वापरा. घरात हे बोलायची लाज बाळगू नका.

संडासाची अडचण

वस्तीतला सार्वजनिक संडास लांब असतो, रांग असते, उकिडवे बसावे लागते. म्हणून अनेक बाया पाणी पिणेच कमी करतात. हे करू नका. कमी पाण्याने लघवीची जळजळ, मूतखडा, बद्धकोष्ठ होते आणि सिकलसेलच्या रुग्णाला तर दुखण्याचा झटका येऊ शकतो.

मध्ये भोक आणि खाली भांडे असलेली कमोड खुर्ची सर्जिकल दुकानात मिळते. चांगल्या मजबूत प्लास्टिक खुर्चीला भोक पाडूनही काम भागते. कडा मात्र घासून गुळगुळीत करा. रात्री लघवीसाठी खाटेजवळ झाकणाचे भांडे ठेवा. हात धुण्यासाठी पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला दोन-तीन भोके पाडून ती साबणासोबत तिथेच ठेवा. बाटली दाबली की पाणी येते, उठावे लागत नाही.

सिकलसेल आणि मधुमेह असल्यास

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना सिकलसेल नवा नाही. या आजारात थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या की विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी अडकतात आणि हाडे-सांध्यांत असह्य कळा येतात. म्हणून या रुग्णांनी गार पाण्याने आंघोळ करू नये, पावसात भिजू नये, ओल्या अंगाने वाऱ्यात बसू नये. कोमट पाणी, लगेच अंग कोरडे करणे, लगेच कपडे. आंघोळीच्या आधी आणि नंतर पाणी प्या. झटका सुरू असताना आंघोळ नकोच, फडक्याने पुसा.

मधुमेहात पाय बधिर झाले असतील तर पाणी पायाने पाहू नका. कोपराने पाहा, नाहीतर दुसऱ्याला पाहायला सांगा; कढत पाण्याने पाय भाजला तरी कळत नाही. रोज तळवे आणि बोटांमधली जागा बघा. स्वतःला दिसत नसेल तर नातवंडांना हे काम द्या. जखम, फोड, काळा डाग दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरच्यांनी काय करायचे

बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात विनयातली एक हकिगत घेतली आहे. विहारात तुम्ही ती ऐकली असेल. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा उरला नव्हता. भगवान बुद्ध आनंदाला घेऊन तिथे आले. आनंदाने पाणी आणले, बुद्धांनी ते ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. मग सर्व भिक्खूंना बोलावून सांगितले की तुमची काळजी घ्यायला इथे आई-वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची घेतली पाहिजे. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी.

या हकिगतीत बुद्धांनी त्या आजारी भिक्खूला उपदेश केला नाही, आधी पाणी मागवले. आपणही तसेच करावे. "आंघोळ का नाही केली?" असे विचारण्याऐवजी "पाणी कोमट करून ठेवू का?" असे विचारा. बादली उचलून द्या, पाठ घासून द्या, नखे कापून द्या, केस विंचरा. हे काम फक्त सुनेचे नाही, मुलाचेही आहे, जावयाचेही. मदत करताना तोंड वाकडे करू नका, शेजारी जाऊन सांगू नका, आडोसा ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला आणि कंबर, ढुंगण, टाचा लाल पडल्यात का ते रोज पाहा.

विनयातच पुढे रुग्णाचीही जबाबदारी सांगितली आहे. आपला त्रास जसा आहे तसा सेवा करणाऱ्याला सांगावा, लपवू नये, औषध वेळेवर घ्यावे. म्हणून आजारी बहिणींनो, भावांनो, गप्प बसू नका. "आज हात वर जात नाहीत, केस धुऊन दे" एवढे स्पष्ट सांगा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेच्या व्यासपीठावर बाबासाहेब आले तेव्हा मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी ते खंगलेले होते. हातात काठी होती आणि नानकचंद रत्तू यांच्या खांद्याचा आधार होता. आधार घेऊन ते उभे राहिले आणि लाखो माणसांना उभे केले. आधार घेण्यात कमीपणा असता तर तो त्या दिवशी दिसला असता.

दवाखान्यात केव्हा जायचे

सांधे सुजतात आणि सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेले राहतात, असे काही आठवडे चालले असेल तर सरकारी रुग्णालयात दाखवा. संधिवाताचे खरे औषध लवकर सुरू झाले तर सांधे वाकडे होणे टळू शकते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणे असेल तर क्षयरोगाची तपासणी करा. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे, धाप, एका बाजूची कमजोरी यांपैकी काहीही झाले तर थांबू नका, रात्र असली तरी न्या. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज खाऊ नका. मूत्रपिंड आणि जठर खराब होते. झटपट बरे करणाऱ्या भोंदूच्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते.

अंग दुखत नसतानाही आठवडे-आठवडे आंघोळीची, जेवणाची, बोलण्याची इच्छा होत नसेल, रडू येत असेल, तर तेही दुखणेच आहे. टेलि-मानस या सरकारी सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. सांध्यांच्या आजाराने हालचाल फार कमी झाली असेल तर तेही चालनविषयक दिव्यांगत्वात मोडू शकते. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

या आठवड्यात एवढेच करा. घरात जे माणूस दुखण्याने मागे बसले आहे, त्याच्यासाठी मोरीत एक मजबूत स्टूल ठेवा, बादलीखाली दोन विटा ठेवा आणि विचारा, "पाणी कधी तापवू?" पौर्णिमेच्या वंदनेला त्याला सोबत घेऊन या. आंघोळ झालेली असो वा नसो, विहारात त्याची जागा आहे.

जयभीम.